घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू आवरताना

दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत कपाट रिकामं करायला घेऊ नका, पाहुण्यांच्या घाईत नको ते देऊन टाकलं जातं. आधी फक्त कागद बाजूला काढा: पासबुक, एफडीच्या पावत्या, विम्याचा बाँड, सातबारा, आधार. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती घेऊनच ठेवा, वारस नोंदीला तलाठ्याकडे, बँकेत, सगळीकडे लागतात. मोबाइलचं सिम लगेच बंद करू नका, बऱ्याच ठिकाणी त्याच नंबरवर ओटीपी जातो.

कपडे देण्याआधी प्रत्येक खिसा, घडी, उशीची खोळ बघाच. आमच्या नानांच्या बंडीच्या आतल्या खिशात कापूस विकल्याची पावती आणि आईचा पासपोर्ट साइज फोटो निघाला, घामाने कडा पिवळ्या पडलेल्या. तो फोटो आता आईजवळच असतो.

जे ठेवायचं ते पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि फोटो एकमेकांना चिकटतात. जरीची लुगडी प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमट राहतं, जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळा, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून पेटीत टाका आणि पावसाळा संपला की घडी मोडून उलटी घाला, नाहीतर घडीवरच जर तुटते.

बाकीचं वाटायचं आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, पितरांची घागर भरेपर्यंत राहू द्या. त्या दिवशी बहिणी-लेकी माहेरी येतातच, त्यांना समोर बसवून विचारा कोणाला काय हवंय.