घर-गाळा भाड्यानं देताय? कोल्हापूरच्या घरमालकांनो, या चुका टाळा

"अकरा महिन्यांचाच करार आहे, रजिस्टर कशाला करायचा?" राजारामपुरीत पोरांना खोल्या देणाऱ्यापासून लक्ष्मीपुरीत गाळा देणाऱ्यापर्यंत सगळे हे इतक्या खात्रीनं सांगतात की कायदाच तसा असावा असं वाटतं. तो तसा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिक्षेचं एक वेळ बाजूला ठेवा. खरा फटका पुढं बसतो. नोंदवलेला करार नसेल तर भाडं किती आणि अटी काय, यावर भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरलं जातं. ते खोडून काढायचं काम तुमचं. नोटरी केलेला स्टँप तिजोरीत कितीही जपला तरी तो इथं नोंदणीची जागा घेत नाही.

आणि वाचवतो किती? महिना 10,000 भाडं, 50,000 परत करायची अनामत, मुदत अकरा महिने असं धरा. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे कुळाचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देणाऱ्या कराराला, एकूण भाडं आणि अनामतीवरचं वर्षाला 10 टक्के व्याज मिळून येणाऱ्या रकमेवर 0.25 टक्के स्टँप ड्युटी लागते. म्हणजे तीनशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. एवढ्यासाठी लाखांची मिळकत वादात घालणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

कुलूप आणि फ्यूज

भाडं चार महिने थकलंय, भाडेकरू फोन उचलत नाही. मालक तिन्हीसांजेला जातो, खोलीच्या कुलपावर आपलं दुसरं कुलूप ठोकतो, नाहीतर मीटरखालचा फ्यूज काढून खिशात घालतो. इथून पुढं थकबाकीदार भाडेकरू फिर्यादी होतो आणि मालक आरोपी. पाणी, लाईट, जिन्यातला दिवा, लिफ्ट अशा अत्यावश्यक सोयी तोडणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 खाली गुन्हा आहे. जबरदस्तीनं बाहेर काढलेला भाडेकरू सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्यासाठी दावा लावू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्नच निघत नाही. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड दाखवून उपयोग नाही.

सरळ वाट लांबची असली तरी आहे. राहायला लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि समोरचा हलत नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, अर्ज करता येतो. मुदतीनंतर ताबा देईपर्यंत दुप्पट दरानं नुकसानभरपाईही मागता येते. पण ही सोय राहत्या घरापुरतीच. गाळ्यासाठी दिवाणी न्यायालयच गाठावं लागतं, हे बऱ्याच जणांना वेळ आल्यावरच कळतं.

जुन्या कुळाचं, म्हणजे भाडे कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूचं, गणित आणखी निराळं. थकबाकीची लेखी नोटीस द्या, 90 दिवस थांबा, मग दावा. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत त्यानं सगळी थकबाकी 15 टक्के व्याज आणि खर्चासह भरली, तर त्या कारणावर त्याला काढता येत नाही. भाडं घेऊन पावती न देणारे मालक तर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात. पावती देणं सक्तीचं आहे.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या पडक्या वाड्यांबद्दल एक सांगतो. पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली म्हणजे कूळ सुटलं, असं नाही. इमारत पाडली तरी कुळाचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलंय. दुरुस्तीही मालकाकडंच. 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनही हात हलवला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत रक्कम कापून घेऊ शकतो.

मीटर, घरफाळा, जीएसटी

घरगुती मीटरवर दुकान चालवू दिलं तर तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो. आकारणी दुप्पट दरानं होते आणि बिल ज्याच्या नावावर, नोटीस त्याच्या दारात. वापर बदलला की घरफाळ्याची नोंदही बदलून घ्या. जीएसटीचं थोडक्यात: मालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल आणि गाळा घेणारा व्यापारी नोंदणीकृत असेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून भाड्यावरचा 18 टक्के कर व्यापाऱ्यानं भरायचा, कंपोझिशनवाले, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्क्यानं कर भरणारे छोटे व्यापारी, यातून वगळलेत. बँकेला किंवा एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपनीला जागा दिली असेल तर भाडे नियंत्रण कायदाच लागू नाही, तिथं करारातला शब्दन् शब्द मोलाचा.

पूर आला तर भाडं कुणाचं?

2019 आणि 2021 ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतल्या तळमजल्यांत पंचगंगेचं पाणी शिरलं. छापील करारांत मात्र पुराचा उल्लेख सहसा नसतोच. मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो, पुरानं भाडेपट्ट्याच्या जागेचा मोठा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निकामी झाला, तर भाडेकरू पट्टा रद्द करू शकतो. आठवडाभर पाणी राहून गाळा पुन्हा उघडला, तर त्या तरतुदीचा आधार मिळणं अवघड, आणि मग भांडण जुंपतं. म्हणून चार ओळी वाढवा: गाळा बंद असेल त्या दिवसांचं भाडं माफ की अर्धं, चिखल काढायचा कुणी, मालाचा विमा कुणाचा, शटर-वायरिंगचा खर्च कुणाचा. आणि मीटर भिंतीवर किती फुटांवर चढवायचा, कुणाच्या पैशानं, हेही त्यातच लिहून टाका.