आजोबांच्या डब्यातला खुर्दा लावताना

म्हापशातलं आमचं किराणा दुकान मिटलं तेव्हा माझ्या वाट्याला बिस्किटांचा एक डबा आला, खुर्द्याने गच्च भरलेला. तळाशी उधारीची वही. तुमच्याही माळ्यावर असा डबा असेल तर आधी एक ऐका: नाणी घासू नका. मी चिंच आणि राख लावून एक तांब्याचं नाणं लखलखीत केलं. राजाचं नाक गेलं, सालही गेलं. कोमट पाण्यात भिजवा, सुती फडक्याने टिपा. पुरे.

मग ढीग लावा, पण देशाप्रमाणे नको, किमतीप्रमाणे. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर गोव्याची नाणी इंग्रजांच्या टांकसाळीत, त्यांच्याच मापाने पडू लागली. म्हणून 1881 चा लुईश राजाचा पाव तांगा आणि व्हिक्टोरियाचा पैसा एकाच ढिगात बसतात. रुपयाचे 16 तांगे, तांग्याचे 60 रैस, म्हणजे पाव तांगा 15 रैसांचा. वहीत ‘।’ दिसला तर पाव, ‘॥’ अर्धा, ‘॥।’ पाऊण. इथपर्यंत सोपं आहे.

खरी डोकेदुखी 1958 साल छापलेल्या नाण्यांपासून. रुपयाचे 6 एस्कुदो झाले, एस्कुदोचे 100 सेंताव. शेजारी भारतात वर्षभर आधी नये पैसे आले होते; 60 सेंताव म्हणजे बरोबर 10 नये पैसे, 30 म्हणजे 5. सरहद्दीचा हिशोब झकास. पण गिऱ्हाईक अजून तांग्यातच मागत होतं, आणि एक तांगा म्हणजे 37॥ सेंताव! सर्वांत लहान नाणं 10 सेंतावांचं. द्यायचे कसे? आजोबांच्या वहीत एका काडेपेटीपुढे ‘30 + 10’ लिहिलंय आणि बाजूला बारीक अक्षरात ‘2॥ जमा’. ही बाजूची बारीक अक्षरं वगळाल तर बेरीज जन्मात जुळणार नाही. दोन पानं मी त्यातच घालवली.

सगळं रुपयांत आणायचं तर एस्कुदोला सहाने भागा, तांग्याला सोळाने. डिसेंबर 1961 नंतरच्या पानावर आजोबांनी तेच केलंय: प्रत्येक उधारी सहाने भागून रुपये-पैशांत मांडली आहे, आणि उरलेसुरले सेंताव तांबड्या शाईने खोडले आहेत.