अमेरिकेत चष्मा घेताना: तपासणी वेगळी, खरेदी वेगळी

पुण्या-मुंबईत चष्म्याच्या दुकानात गेलं की तिथेच नंबर काढतात, बहुतेक वेळा फुकट, आणि एक-दोन दिवसांत चष्मा हातात येतो. अमेरिकेत हे दोन वेगळे व्यवहार आहेत. डोळे तपासायचे पैसे वेगळे, चष्म्याचे वेगळे, आणि दोन्ही एकाच ठिकाणी करायची सक्ती नाही. हे ठाऊक नसल्यामुळे नवी मंडळी तपासणीच्या खुर्चीतून उठून थेट बाहेरच्या फ्रेमांसमोर उभी राहतात आणि सांगतील ती किंमत देऊन येतात.

नंबरचा कागद तुमचा आहे. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा १९७८ पासूनचा नियमच तसा आहे: तपासणी संपली की कागद लगेच द्यायचा, तुम्ही मागायची वाट पाहायची नाही, त्याचे जादा पैसे घ्यायचे नाहीत आणि चष्मा आमच्याकडेच घ्या अशी अट घालायची नाही. २०२४ मध्ये नियम आणखी कडक झाला, आता कागद मिळाल्याची तुमची पोचही घेतात. तेव्हा कागद घ्या, घडी घालून खिशात ठेवा आणि घरी या. फ्रेम त्याच दिवशी निवडायची काही घाई नसते.

नंबर काढायला ऑप्टोमेट्रिस्टकडे जायचं. शस्त्रक्रिया किंवा डोळ्यांचा आजार असेल तर ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट. दुकानात फ्रेम बसवून देतो तो ऑप्टिशियन. नेहमीच्या आरोग्य विम्यात साधी नंबर तपासणी बहुधा नसते, त्यासाठी व्हिजन प्लॅन वेगळा घ्यावा लागतो. कंपनीत रुजू झाल्यावर विमा निवडायची मुदत मोजकी असते. ती चुकली की पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. मधुमेह असेल तर तसं आधीच सांगा, कारण त्यासाठीची डोळ्यांची तपासणी अनेकदा आरोग्य विम्यात बसते. एफएसए आणि एचएसए, म्हणजे आरोग्यखर्चासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायची खाती, यांतले पैसे नंबरच्या चष्म्याला चालतात. एफएसएचे पैसे वर्षअखेर बुडू शकतात, म्हणून डिसेंबरच्या आत हिशेब पाहा.

आता कागद वाचायचा कसा. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. एसपीएच हा मुख्य नंबर, सीवायएल हा सिलिंडर नंबर, आणि अ‍ॅक्सिस हा त्या सिलिंडरचा १ ते १८० मधला कोन. एडीडी म्हणजे जवळचा, चाळिशीचा वाढीव नंबर. ऑनलाइन भरताना सर्वांत जास्त चुका चिन्हाच्या होतात. उणेच्या जागी अधिक पडलं तर चष्मा निरुपयोगीच. सिलिंडर काही डॉक्टर अधिक चिन्हाने लिहितात, काही उणे. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण कागदावर आहे तसंच उतरवायचं. −२.०० +१.०० × ९० आणि −१.०० −१.०० × १८० हा एकच चष्मा आहे. मात्र एका कागदावरचा मुख्य नंबर आणि दुसऱ्यावरचा सिलिंडर अशी सरमिसळ केली तर नंबरच बदलतो.

खरी अडचण पीडीची, म्हणजे दोन बाहुल्यांमधल्या अंतराची. बहुतेक राज्यांत ते कागदावर लिहायचं बंधन नाही आणि ऑनलाइन दुकानाला तर ते लागतंच. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही की काच प्रिझमसारखी वागते, प्रतिमा बाजूला सरकवते: डोकं जड होतं, जमीन तिरकी वाटते. नंबर जितका मोठा, तितका त्रास जास्त. उणे ५ नंबरला दोन्ही डोळ्यांची मिळून ४ मिलिमीटरची चूक झाली तर २ प्रिझम (हे त्या सरकण्याचं माप) पडतो. उणे १ ला तीच चूक ०.४ वर निभावते. म्हणून तपासणीच्या वेळीच पीडी मोजून कागदावर लिहून मागा. नाही मिळाला तर आरशापासून २० सेंटीमीटरवर सरळ उभं राहा आणि मिलिमीटरची पट्टी भुवयांना टेकवा. उजवा डोळा मिटून शून्य डाव्या बाहुलीच्या मध्याशी जुळवा, मग डोकं न हलवता डावा मिटून उजव्या बाहुलीसमोरचा आकडा वाचा. तीनदा मोजा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल तर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. मोठ्या माणसांचा आकडा साधारण ५४ ते ७४ च्या दरम्यान येतो.

फ्रेमचं माप जुन्या चष्म्याच्या काडीवर आतून छापलेलं असतं, उदाहरणार्थ ५२-१८-१४०: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी, काडीची लांबी. नवी फ्रेम याच्या दोन मिलिमीटर इकडे-तिकडे निवडली तर सहसा बसते. मोठा उणे नंबर असेल तर लहान, गोलसर फ्रेम घ्या, कडा जाड दिसत नाहीत. काचेचा इंडेक्स (तो जितका जास्त, तितकी काच पातळ) २ नंबरपर्यंत १.५० पुरे, ४ पर्यंत १.६०, त्यापुढे १.६७. लहान मुलांना आणि खेळणाऱ्यांना पॉलिकार्बोनेटच द्या, ते सहज फुटत नाही. मोठ्या नंबरात मात्र त्याच्या कडेने रंगीत झालर दिसते. अँटी-रिफ्लेक्शन थर घ्या, रात्री गाडी चालवताना फार फरक पडतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेला जादा पैसे देऊ नका. डोळ्यांचा थकवा तिने कमी होतो याला पुरावा नाही, आणि अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही डोळ्यांच्या डॉक्टरांची संघटनाही ती सुचवत नाही.

मग ऑनलाइन की दुकान? एकाच नंबरचा चष्मा (फक्त लांबचा किंवा फक्त जवळचा), नंबर ४ च्या आत, सिलिंडर २ च्या आत, पीडी पक्का: ऑनलाइन घ्या. झेनी, आयबायडायरेक्ट अशा ठिकाणी दुकानाच्या मानाने फारच कमी पैशांत काम होतं, दुसरा चष्मा तर तिथूनच घ्यावा. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत रेघ न दिसता असेल, तर दुकानातच जा, इथे काटकसर करू नका. त्यात बाहुलीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंतची उंची, फ्रेम चेहऱ्यावर ठेवून मोजावी लागते. ती चुकली की वाचताना मान वर करून दुखते. प्रिझम लिहिलेला असेल, किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात बराच फरक असेल, तरीही दुकानच. कॉस्टकोत दर चांगले असतात, पण चष्मा घ्यायला सभासदत्व लागतं.

चष्मा आला की आधी एकेक डोळा मिटून पाहा, मग दाराची चौकट वाकडी दिसते का ते बघा. नवा नंबर अंगवळणी पडायला काही दिवस लागतात, पण दोन आठवड्यांनंतरही डोकं दुखत असेल तर एखाद्या ऑप्टिशियनकडून लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, नंबर तपासून घ्या आणि परतीची मुदत संपायच्या आत चष्मा परत पाठवा. ही मुदत ऑर्डर देतानाच वाचून ठेवा. व्हिजन प्लॅनच्या यादीबाहेरच्या दुकानातून घेतला तरी थोडे पैसे परत मिळू शकतात, त्यासाठी फ्रेम आणि काच वेगवेगळी दाखवणारी पावती हवी.

कॉन्टॅक्ट लेन्सचा कागद वेगळा असतो. चष्म्याच्या कागदावर त्या मिळत नाहीत, भारतासारख्या नुसत्या नंबर सांगूनही नाहीत.

अजून भारतातच असाल तर निघण्यापूर्वी ताजी तपासणी करून दोन चष्मे बनवून घ्या, आणि कागदावर पीडी, तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का इंग्रजीत घ्या. कागद किती जुना चालतो हे इथे राज्यानुसार बदलतं, साधारण एक ते दोन वर्षं. गाडीच्या परवान्याच्या दृष्टिचाचणीला जाताना चष्मा विसरू नका. चष्म्याने चाचणी दिलीत तर परवान्यावर तशी अट छापतात, आणि मग त्याशिवाय गाडी चालवणं हा गुन्हा ठरतो.