चाळीस नंबरी सुताची पाजणी

कन्हान नदीकाठचं खापा हे सावनेर तालुक्यातलं विणकरांचं जुनं गाव. जवळच गुमगावला मँगनीजची खाण आहे, पण खाप्याची ओळख कोष्ट्यांच्या मागामुळं. मागावर बसण्याआधीचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे पाजणी, म्हणजे ताण्याला, मागावरच्या उभ्या धाग्यांना, पिठाची खळ पाजणं. पाजणी बिघडली की हात कितीही सराईत असो, दिवस तुटलेले धागे सांधण्यातच जातो.

आधी सूत किती लागेल ते काढा. 44 इंच पन्हा (कापडाची रुंदी) आणि इंचाला 48 धागे धरले तर ताण्यात 2,112 धागे येतात. 20 मीटर लांबीला 40 नंबरचं सुमारे 625 ग्रॅम सूत लागतं; नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. तुटफुटीसाठी थोडं जास्तच घ्या.

कोऱ्या सुतावर कापसाचं नैसर्गिक मेण असतं. त्यामुळं सूत लवकर भिजत नाही आणि खळ आत न शिरता वरच्यावर बसते. म्हणून लड्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी तुडवून पिळा. सूत पाण्यावर तरंगत असेल तर ते अजून भिजलेलं नाही, असं समजा.

एवढ्या ताण्याला 65 ग्रॅम तांदळाचं पीठ आणि एक लिटर पाणी पुरतं. पीठ आधी थंड पाण्यात कालवा, मग मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरट रंग जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा आणि एक चमचा खोबरेल घाला. तेलामुळं धागा लवचिक राहतो. मग फडक्यातून गाळा. हे टाळू नका, कारण एक गुठळी चार धागे चिकटवते आणि ते मागाच्या फणीत अडकून तुटतात.

ताणा सकाळी लवकर, सावलीच्या गल्लीत ताणून बांधा. एकाआड एक धागा वर-खाली ठेवणाऱ्या बांबूच्या कांबी जागेवर असू द्या. कोमट खळ कुंच्यानं एकाच दिशेनं फिरवा, उलट हात मारला की लव उभी राहते. एका बाजूनं झालं की ताणा पालटून दुसऱ्या बाजूनं करा. वाळेपर्यंत कांबी मागंपुढं सरकवत धागे सुटे करत राहा.

वाळलेला एक धागा नखावरून ओढून बघा. पांढरी भुकटी पडली तर खळ दाट झाली, लव उठली तर पातळ. दाट झाली असेल तर ओल्या कुंच्याचा हलका हात द्या, पातळ असेल तर पुन्हा एक हात पाजा.

नागपूरकडच्या मे महिन्यात ऊन चढायच्या आत काम उरका. तेव्हा हवा इतकी कोरडी असते की पाजलेला धागा काडीसारखा मोडतो. खड्ड्याच्या मागात, म्हणजे विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो त्या मागात, ताणा जमिनीलगत असल्यानं ओल टिकते, तरी दुपारी खड्ड्यात पाणी शिंपडावं. पावसाळ्यात उलटी अडचण: खळ वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. तेव्हा खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात. ते विषारी आहे, भांडं स्वयंपाकघरात नेऊ नका.