संशोधन-निधीची कार्यशाळा : मसुदा समोर ठेवून बसण्याची रीत

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठ विभागाच्या संशोधन कक्षाचे समन्वयकपद आपल्याकडे आले, की वर्षातून एकदा प्रस्ताव-लेखनाची कार्यशाळा घ्यावी लागते. ती बहुधा ठरलेल्या पद्धतीने होते. सकाळी नोंदणी, मग लांबलेले उद्घाटन, निधी देणाऱ्या संस्थांची ओळख करून देणारी दोन-तीन व्याख्याने आणि शेवटी प्रमाणपत्रांचे वाटप. शिक्षक टिपणे घेऊन घरी जातात आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्यापैकी एकाचाही प्रस्ताव कुठे दाखल होत नाही. योजनांची माहिती आज प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. शिक्षकाला गरज असते ती आपला कच्चा मसुदा कुणा जाणत्या माणसाने ओळीने वाचून, कुठे काय अडते हे सांगण्याची. म्हणून कार्यशाळेत प्रवेशाची अट एकच ठेवावी : प्रत्येकाने आपल्या विषयाचे एक पान लिहून आणले पाहिजे.

तारीख ठरवण्यापूर्वी कोणत्या योजनेसाठी प्रस्ताव पाठवायचे ते ठरवावे. सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद ही मुख्य संस्था आहे. ती 1969 मध्ये स्थापन झाली आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात आहे. विज्ञान व अभियांत्रिकीकडच्यांनी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या योजना पाहाव्यात. 2023 च्या कायद्याने हे प्रतिष्ठान अस्तित्वात आले आणि पूर्वीचे ‘सर्ब’ म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. तरीही जुन्या मंडळाच्या नमुन्यावर बेतलेली सादरीकरणे हातोहात फिरत असतात, त्यामुळे साधनव्यक्तीला, म्हणजे मार्गदर्शनासाठी बोलावलेल्या वक्त्याला, आधीच कळवावे की चालू अर्जाचा नमुनाच समोर ठेवून बोलावे. राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचा पर्यायही तपासावा.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मात्र या दिवशी एकत्र बसवू नये. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या किंवा नेट-जेआरएफ (जिची रक्कम 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे) यांच्या अर्जांत पात्रता आणि कागदपत्रे यांचाच भाग मोठा असतो, तर प्रकल्पाच्या प्रस्तावात प्रश्न आणि खर्च यांची छाननी होते. दोन्ही गट एकत्र बसले, की दुपारचा वेळ जातप्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेयरच्या शंकांतच जातो. त्या शंका महत्त्वाच्याच आहेत. त्यांच्यासाठी वेगळा दिवस द्यावा.

योजना ठरली, की तिच्या अंतिम तारखेपासून मागे मोजत यावे. प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची सही, संस्थेचे हमीपत्र आणि ऑनलाइन अर्ज भरणे यांसाठी शेवटचे दहा दिवस राखून ठेवावेत. त्याआधी दुरुस्त मसुद्याच्या दुसऱ्या वाचनाला एक आठवडा आणि प्रत्यक्ष लेखनाला तीन आठवडे लागतात. म्हणजे कार्यशाळा अंतिम तारखेच्या किमान सहा आठवडे आधी व्हायला हवी. पंधरा दिवस उरले असताना घेतलेल्या कार्यशाळेतून घाईने केलेले अर्जच बाहेर पडतात.

सहभागी पंधराच्या वर नसावेत. त्यांच्याकडून आठ दिवस आधी ते एक पान मागवावे : संशोधनाचा प्रश्न काय, त्यावर आजवर काय झाले आहे, आपण माहिती कशी गोळा करणार, आणि किती महिने व किती पैसे लागतील. आजवरच्या कामासाठी ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहावरचे पीएच.डी.चे प्रबंध तर पाहायला सांगावेतच, पण ‘शोधगंगोत्री’ या त्याच्या जोडसंग्रहावरचे नियोजित संशोधनाचे आराखडेही पाहायला सांगावेत, कारण सध्या कुणाचे काय चालू आहे याचा अंदाज तिथे येतो. वाचणारे तीन असावेत : विषयाचा जाणकार, पूर्वी प्रकल्प पूर्ण केलेला एखादा शिक्षक आणि लेखा विभागातील कर्मचारी. तिसऱ्या व्यक्तीला बोलावण्याची पद्धत फारशी नाही, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका तिच्याच नजरेस पडतात.

प्रत्यक्ष वाचन कसे चालते, ते एका मसुद्यावरून सांगतो. एका शिक्षिकेने ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाच्या समस्या’ असा विषय आणला होता. पहिल्या अर्ध्या तासात समस्या कोणत्या आणि कोणाच्या हे विचारत विचारत तो ‘आईवडील तोडीला गेल्यावर गावी राहिलेल्या मुलांच्या शालेय उपस्थितीत हंगामी वसतिगृहाने काय फरक पडतो’ इथपर्यंत आला. हा प्रश्न उत्तर देता येण्याजोगा होता. मग वेळापत्रक पाहिले. पालकांच्या मुलाखती डिसेंबरमध्ये, बीड जिल्ह्यातील गावांत घेण्याचे तिने लिहिले होते. त्या वेळी घरांना कुलपे असतात. दिवाळीच्या सुमारास गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. हे तिला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही, ती त्याच भागातली होती. वेळापत्रकाचा तक्ता मात्र तिने दुसऱ्या प्रस्तावावरून उचलला होता. मुलांच्या उपस्थितीच्या नोंदी हंगामात आणि पालकांच्या मुलाखती मे-जूनमध्ये, अशी फोड केल्यावर सारा आराखडा जागेवर आला. तिथेच ‘कोयता’ आणि ‘कुटुंब’ यांतला फरकही निघाला : मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतो, तर सर्वेक्षणात एकाच घरातून दोन कोयते निघू शकतात. नमुन्याचे एकक कोणते, हे प्रस्तावात एका वाक्यात लिहिणे भाग होते.

पुढे अंदाजपत्रक. तिने क्षेत्रभेटीसाठी पंधरा दिवस आणि ‘प्रवास : 50,000’ असे ठोक लिहिले होते. लेखा विभागातील सहकाऱ्याने कागदावर गणित मांडले : पंधरा गावे, प्रत्येकी वीस कुटुंबे, म्हणजे तीनशे मुलाखती, एक संशोधन साहाय्यक दिवसाला चार नीट घेऊ शकतो, म्हणजे पंचाहत्तर दिवसांचे काम, दोघे असले तरी अडतीस दिवस. मग त्या दिवसांवरून मानधन आणि गावांच्या अंतरावरून प्रवास अशी एकेक रक्कम निघाली. परीक्षक अशाच गणितावरून माणसाने क्षेत्रकाम केले आहे की नाही ते ओळखतो. म्हणून प्रत्येक रकमेपुढे ती कशी काढली हे लिहिण्याची सवय कार्यशाळेतच लावावी. त्याच बैठकीत उपयोगिता प्रमाणपत्राचा, म्हणजे निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याचा, 12-अ हा नमुना सर्वांना दाखवावा. पैसे आल्यावर हिशेब खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली द्यायचा आहे हे आधी कळले, तर शीर्षे बदलून घेण्याची पत्रापत्री पुढे करावी लागत नाही.

संमती आणि परवानग्यांचा विषय घाईत उरकू नये. मुलांशी संबंधित अभ्यासात पालकांची लेखी संमती, मुलाची स्वतःची तयारी आणि शाळेची परवानगी ही तिन्ही हवीत. संस्थेत नीतिमत्ता समिती असेल तर तिच्या बैठकीची तारीख त्याच दिवशी विचारून घ्यावी. मजकुराची साम्यतपासणीही याच टप्प्यावर करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत प्रबंधांसाठी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण प्रस्तावात उसनी वाक्ये त्याहून कमी असली तरी परीक्षकाला खटकतात.

कार्यशाळेनंतर तीन आठवड्यांनी त्याच पंधरा जणांना पुन्हा दोन तास बोलवावे आणि त्या दिवसाची तारीख कार्यशाळेच्या निमंत्रणातच छापावी. प्रमाणपत्र या दुसऱ्या बैठकीला, पूर्ण मसुदा आणल्यावर द्यावे. याने काहींची नाराजी ओढवते, पण नियम शिथिल करू नये. नामंजूर झालेल्या प्रस्तावांवरचे परीक्षकांचे अभिप्राय, ज्या शिक्षकांनी ते आणून दिले त्यांची परवानगी घेऊन आणि नावे झाकून, एका फायलीत ठेवावेत. पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेत पहिल्या व्याख्यानाऐवजी ती फाईल टेबलावर ठेवावी आणि सहभागींना अर्धा तास शांतपणे वाचू द्यावी.