'फर्टिलायझेशन'ला मराठीत नेमके काय म्हणावे?

कोशात 'फर्टिलायझेशन'समोर दोन अर्थ दिलेले असतात आणि घाईत असलेला भाषांतरकार त्यांतला पहिला उचलून मोकळा होतो. शेतीत या शब्दाचा अर्थ जमिनीला किंवा पिकाला खत देणे असा आहे. जीवशास्त्रात तो नर आणि मादी युग्मकांच्या, म्हणजे प्रजननपेशींच्या, मीलनासाठी वापरतात, ज्याला मराठीत फलन आणि काही ठिकाणी निषेचन म्हणतात. दोन्हींचे मूळ एकच, 'भरपूर पीक देणारा' या अर्थाचा लॅटिन शब्द 'फर्टिलिस'.

अर्थ ठरवण्यासाठी आधी शेजारचे शब्द पाहावेत. 'नायट्रोजन फर्टिलायझेशन' असेल, तर नत्रखत देण्याविषयी लिहिले आहे. 'फर्टिलायझेशन ऑफ द एग' असेल, तर अंडपेशीच्या फलनाविषयी. खरी कसोटी लागते ती दोन्ही अर्थ एकाच पानावर आल्यावर. मक्यावरच्या लेखात कणसाला केस फुटण्याच्या वेळी नत्र देण्याबद्दलही हाच शब्द येतो आणि त्याच केसांवर पराग पडल्यानंतर घडणाऱ्या क्रियेबद्दलही. कणसाचा प्रत्येक केस एकेका बीजांडापर्यंत, म्हणजे ज्याचा पुढे दाणा होतो त्या भागापर्यंत, गेलेला असतो. परागकण केसाला चिकटला की त्यातून परागनलिका फुटते, केसातून खाली उतरते आणि साधारण एका दिवसात बीजांडापर्यंत पोहोचते. तिथे होते ते फलन. ते झाले नाही, तर कणसावर त्या जागी दाणा भरत नाही.

याच उदाहरणातून परागीभवन आणि फलन यांतला फरकही लक्षात ठेवता येतो. पराग केसावर पडणे म्हणजे परागीभवन, आणि त्यासाठी इंग्रजीत 'पॉलिनेशन' हा स्वतंत्र शब्द आहे. मराठी लेखनात या दोन्ही संज्ञा सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, हे टाळायलाच हवे.

फलनात दोन पेशींची केंद्रके एक होतात, हे जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ मध्ये समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यांवर दाखवले. माणसात २३ गुणसूत्रांची अंडपेशी आणि २३ गुणसूत्रांचा शुक्राणू मिळून ४६ गुणसूत्रांचा युग्मनज, म्हणजे फलित अंडपेशी, तयार होतो. हे बहुधा अंडवाहिनीत घडते. गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला त्यानंतर आठवडाभराच्या आसपास काळ जातो. म्हणून 'फर्टिलायझेशन'चे भाषांतर 'गर्भधारणा' असे करू नये.

हा भेद सर्वांत जपायला हवा तो 'इन व्हिट्रो फर्टिलायझेशन'बाबत. 'इन व्हिट्रो' म्हणजे काचेत, म्हणून शरीरबाह्य फलन हा प्रतिशब्द योग्य. 'कृत्रिम गर्भधारणा' म्हटले की पहिली पायरी आणि शेवटचे फळ एकच वाटू लागते. प्रयोगशाळेत अंडपेशी आणि शुक्राणू एकत्र आणल्यावर साधारण १६ ते १८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन केंद्रके शेजारी शेजारी दिसतात का, हे पाहतात, आणि ती दिसली की अहवालात 'फर्टिलाइज्ड' अशी नोंद होते. ती नोंद एखाद्या जोडप्याला मराठीत सांगताना 'गर्भ राहिला' असे चुकूनही म्हणू नये. 'अंडपेशीचे फलन झाले आहे, गर्भ रुजणे अजून व्हायचे आहे' एवढेच, पण पूर्ण वाक्यात सांगावे.