पहिल्या पावसानंतर जनावरांना हिरव्या चाऱ्यावर आणताना

मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत बांध आणि पडीक राने हिरवी होतात, आणि उन्हाळाभर कडब्यावर काढलेली जनावरे दावणीतून सुटताच तिकडे ओढ घेतात. त्यांना त्याच दिवशी पोटभर चरू दिले की हगवण, पोटफुगी आणि दुधाची फॅट उतरणे या तक्रारी पाठोपाठ येतात. दोष मात्र बहुधा पावसाळी हवेला दिला जातो.

कोवळ्या गवतात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. सुमारे ४०० किलो वजनाच्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो शुष्क पदार्थ (चाऱ्यातील पाणी वगळून उरणारा भाग) लागतो, तो निव्वळ अशा गवतातून भागवायचा तर तिला ५० किलोंच्या पुढे गवत खावे लागेल. त्यात तंतुमय भागही कमी असल्याने रवंथ घटते, लाळ कमी सुटते आणि फॅट उतरते. शिवाय कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटातील) सूक्ष्मजीव कडबा पचवण्यास सरावलेले असतात. नव्या चाऱ्याशी जुळवून घेण्यास त्यांना दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीस जनावरे तासभरच चारावीत, तीही कडब्याची कुट्टी खाऊ घातल्यानंतर आणि दव उतरल्यावर, आणि हा वेळ दर दोन-तीन दिवसांनी वाढवावा. हिरवे उगवले म्हणून कडब्याची गंजी विकून टाकण्याची घाई करू नये. रोजच्या खुराकात खनिज मिश्रण असावे. पाणथळ जागी गोगलगायींमुळे यकृतातील चपट्या कृमींची बाधा होते, त्यामुळे तेथे चराई टाळावी.

सर्वांत मोठा धोका ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांचा आणि कापणीनंतर आलेल्या फुटव्यांचा असतो. पावसाने ओढ दिल्यास त्यांतील धुरिन हे द्रव्य वाढते व पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष तयार होते. जनावर धापा टाकते, तोंडाला फेस येतो, ते लटपटून कोसळते आणि काही मिनिटांतही दगावू शकते. ज्वारी निम्मी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी खाऊ घालू नये, आणि गुडघ्याएवढ्या पिकाजवळ जनावर मोकळे सोडू नये. लक्षणे दिसताच पशुवैद्यकास बोलवावे व ज्वारी खाल्ल्याचे प्रथमच सांगावे, कारण सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेत दिले तरच जनावर वाचण्याची आशा असते.